लिनमधले ग्रेड दोनचे घर: नोंद, लोणा आणि परवानगी यांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉरफोक परगण्यातील किंग्ज लिन या जुन्या बंदराच्या गावात एका मराठी दांपत्याने घर पसंत केले आहे. घर ऐतिहासिक इमारतींच्या संरक्षित यादीत ग्रेड दोनचे आहे. दर्शनी भाग अठराव्या शतकातला, विटांचा. मागे नदीच्या दिशेने एक लांब, गोदामासारखी खोली गेलेली आहे. तळमजल्याच्या भिंतींवर पांढरी पूड येते आणि रंगाचे पोपडे सुटतात. दलालाने सांगितले आहे की नोंद फक्त दर्शनी भागापुरती असून आतून काहीही करता येईल. त्यांना आतून सिमेंटचा गिलावा करून ओल बंद करायची आहे, जुन्या खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवायच्या आहेत, आणि मागची खोली पाडून तिथे मोठे स्वयंपाकघर करायचे आहे. यातले काय करता येईल आणि घर घ्यावे की नाही, असे त्यांनी विचारले आहे.

मी पुण्यात वास्तुकला (आर्किटेक्चर) शिकले आणि गेली बावीस वर्षे इंग्लंडच्या पूर्व भागात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करते. या प्रकारची घरे मी आतून, बाहेरून आणि पुष्कळदा जमिनीखालूनही पाहिली आहेत. माझे मत आधीच सांगते. घर मनापासून आवडले असेल आणि पुढे सांगते त्या तपासण्या समाधानकारक निघाल्या, तर अवश्य घ्या. मात्र दलालाच्या त्या वाक्यावर विसंबून एक पैसाही देऊ नका, आणि सिमेंटचा विचार आजच सोडून द्या.

नोंदीविषयी आधी बोलू, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये एखादी इमारत यादीत आली की संरक्षण संपूर्ण इमारतीला मिळते: दर्शनी भिंत, मागची भिंत, छपराचे वासे, जिना, दारांच्या चौकटी, चुलाणे, जमिनीच्या फळ्या, आतला गिलावा, सगळे त्यात येते. ग्रेड एक, ग्रेड दोन तारांकित आणि ग्रेड दोन या तीन श्रेणींमधला फरक महत्त्वाचा आहे, पण तो इमारतीच्या मोलाचा फरक आहे. संरक्षण किती खोलवर जाते याचा नाही. यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि त्यांतल्या दहांपैकी नऊ ग्रेड दोनच्या आहेत, म्हणून लोकांना वाटते की ग्रेड दोन म्हणजे नावापुरती नोंद. मुंबईच्या माणसाचा हा गैरसमज आणखी पक्का असतो, कारण 1995 मध्ये मुंबईसाठी जी वारसा नियमावली आली तिच्यात खालच्या श्रेणीच्या इमारतींमध्ये आतले बदल सहसा मान्य होतात. इथे तसे नाही. 1990 च्या कायद्याप्रमाणे इमारतीच्या वास्तुगुणांवर किंवा ऐतिहासिक स्वरूपावर परिणाम होईल असे कोणतेही काम करण्यापूर्वी स्थानिक कौन्सिलची ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’ ही परवानगी घ्यावी लागते, मग ते काम रस्त्यावरून दिसो अथवा न दिसो.

दलालाचा गोंधळ कुठून येतो तेही सांगते, म्हणजे तुम्ही स्वतः तपासू शकाल. हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक इमारतीची नोंद कोणालाही विनामूल्य वाचता येते. जुन्या नोंदी अतिशय त्रोटक आहेत. पाहणी करणाऱ्याने रस्त्यावर उभे राहून दिसले तेवढे लिहिले: तीन मजले, पाच खिडक्या, दाराला अमुक प्रकारची चौकट, इतकेच. आतला उल्लेख नाही म्हणून आतले संरक्षण नाही असा अर्थ त्यातून काढला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. तो मजकूर इमारत ओळखता यावी यासाठी असतो. 26 जून 2013 नंतरच्या नोंदींमध्ये एखादा भाग संरक्षणातून वगळला असल्याचे स्पष्ट लिहिता येते. त्याआधीच्या नोंदीत तसे काही असण्याचा प्रश्नच येत नाही. इमारतीच्या आवारात 1 जुलै 1948 पूर्वीपासून असलेल्या शेड, कुंपणभिंती वगैरेही बहुधा या संरक्षणात येतात.

परवानगीविना काम करणे हा फौजदारी गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अमर्याद दंड होऊ शकतो, आणि ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव चालत नाही. तुम्हाला यापेक्षा जवळचा धोका वेगळाच आहे. आधीच्या मालकाने परवानगीविना काही केले असेल, तर त्याच्या गुन्ह्याची शिक्षा तुम्हाला होत नाही, परंतु ते काम पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकावर बजावता येते, आणि तिला कालमर्यादा नाही. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी काढून टाकलेला जिना तुम्हाला पदरमोड करून परत बसवावा लागू शकतो. म्हणून तुमच्या सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचे काम पाहणाऱ्या वकिलाला, लेखी सांगा की 1950 च्या सुमारापासून या पत्त्यावर दिलेल्या सगळ्या परवानग्या काढाव्यात, आणि त्या कागदावरचे घर व प्रत्यक्षातले घर एकमेकांशी जुळतात का ते तुमच्या सर्वेक्षकाने पाहावे. हे दोन कागद शेजारी ठेवून पाहण्याचे काम बहुतेक खरेदीत कोणीच करत नाही, कारण सॉलिसिटर घर पाहत नाही आणि सर्वेक्षक फाइल पाहत नाही.

आता तुमच्या मागच्या खोलीकडे येते. ती पाडण्याची कल्पना ऐकून मला काळजी वाटली, आणि त्याचे कारण लिनच्या रचनेत आहे.

हे गाव नॉर्विचच्या बिशपने वसवले आणि म्हणून ते पूर्वी बिशप्स लिन होते. 1204 मध्ये जॉन राजाने त्याला सनद दिली, आणि आठव्या हेन्रीच्या काळात, 1537 मध्ये, ते किंग्ज लिन झाले. ग्रेट ऊझ नदीच्या मुखाशी असल्याने धान्य, लोकर, कापड, मीठ, वाइन, मासे यांचा व्यापार इथून उत्तर समुद्रापलीकडच्या बंदरांशी चाले. नदीचा काठ सुरुवातीला आज जिथे किंग स्ट्रीट आणि क्वीन स्ट्रीट आहेत त्याच्या जवळ होता. काठावर भर पडत गेली, नदी पश्चिमेला सरकली, आणि व्यापाऱ्यांच्या जागा रस्त्यापासून नव्या काठापर्यंत लांबच लांब, अरुंद पट्ट्यांसारख्या वाढत गेल्या. रस्त्याला लागून राहते घर व पेढी, मागे आवार, त्याच्या कडेने गोदामे आणि शेवटी धक्का. नेल्सन स्ट्रीटवरचे हॅम्प्टन कोर्ट पाहा: मधल्या चौकाभोवती चार बाजूंनी इमारत, आणि ती एकदम उभी राहिली नाही, चौदाव्या ते सतराव्या शतकादरम्यान एकेक बाजू होत गेली. आपल्याकडचा चौकाचा वाडा पाहिलेल्या माणसाला तिथे पाऊल टाकताच ओळखीचे वाटते.

अठराव्या शतकात पैसा आला आणि दर्शनी भाग नव्या चालीचे झाले. मागचे तसेच राहिले. म्हणून लिनमध्ये घराचे वय रस्त्यावरून कळत नाही. जितके मागे जावे तितके घर जुने होत जाते, असा अनुभव पुन्हा पुन्हा येतो. क्वीन स्ट्रीटवरच्या क्लिफ्टन हाउसचे दर्शनी दार अठराव्या शतकाच्या आरंभीचे, पिळदार खांबांचे आहे. आत गेल्यावर तेराव्या शतकातली नक्षीदार फरशी आणि चौदाव्या शतकातले कमानदार तळघर आहे, आणि मागे जहाजांवर नजर ठेवण्यासाठी पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात बांधलेला पाच मजली मनोरा आहे. हॅन्सा संघ म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा मध्ययुगीन संघ; त्याच्या व्यापाऱ्यांचे गोदाम, म्हणजे आजचे हॅन्स हाउस, हे आणखी बोलके उदाहरण आहे. 1474 च्या उट्रेख्टच्या तहानंतर जर्मन व्यापाऱ्यांना इथे जागा मिळाली आणि 1475 च्या सुमारास ही इमारत उभी राहिली. हॅन्सा संघाच्या ठाण्याची इंग्लंडमध्ये उरलेली ही एकमेव इमारत आहे. 1751 मध्ये ती विकली गेल्यावर सेंट मार्गारेट चर्चसमोरच्या बाजूला जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या धाटणीचे, घर बांधले गेले. त्या बाजूने पाहणाऱ्याला मागे पंधराव्या शतकातले गोदाम आहे अशी शंकाही येत नाही. किंग स्ट्रीटवरच्या सेंट जॉर्ज गिल्डहॉलमध्ये 2023 साली काम चालू असताना आधुनिक जमिनीखाली पंधराव्या शतकातल्या ओकच्या फळ्या निघाल्या. ती इमारत ग्रेड एकची, नामवंत, अभ्यासकांनी अनेकदा तपासलेली, आणि तरीही पायाखाली काय आहे ते इतकी वर्षे झाकलेले राहिले.

तुमची मागची खोली अशी असेलच असे मी म्हणत नाही. ती व्हिक्टोरियन काळातली साधी कोठारही असू शकते. पण पाडण्याचा अर्ज करण्याआधी ती कोणत्या काळातली आहे हे एखाद्या इमारत-इतिहासतज्ज्ञाकडून लिहून घ्या, कारण कौन्सिलचा कॉन्झर्वेशन ऑफिसर पहिला प्रश्न तोच विचारणार. आत शिरून तुम्हीही काही गोष्टी पाहू शकता. छताच्या तुळयांना कडेने तिरपी छाट दिली आहे का, वाशांच्या सांध्यावर सुताराने कोरलेले आकडे आहेत का, भिंतीत बुजवलेले रुंद दार आहे का, विटा बारीक, वाकड्या आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या आहेत का. अशी एखादी खूण जरी दिसली तरी पाडण्याचा विचार बाजूला ठेवा. पाडकामाचा अर्ज आला की कौन्सिलला राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थांना कळवावे लागते. त्यात 1877 मध्ये विल्यम मॉरिस यांनी स्थापन केलेली प्राचीन इमारतींच्या संरक्षणाची सोसायटीही येते, आणि त्यांचे म्हणणे गांभीर्याने घेतले जाते. याउलट त्याच खोलीत, भिंती आणि छप्पर राखून, स्वयंपाकघर करण्याचा अर्ज नीट मांडला तर मंजूर होण्याची शक्यता चांगली असते. ओटा, पाणी, विजेची सोय, जमिनीखालून नेलेल्या नळ्या, हे सारे पुढे कधी काढून घेता येण्याजोगे आणि जुन्या लाकडाला न तोडणारे असेल, तर मी काम केलेल्या बहुतेक अधिकाऱ्यांनी ते आनंदाने मान्य केले आहे. गोदामाची उंची आणि नदीकडचा प्रकाश मिळालेले स्वयंपाकघर नव्या खोलीत मिळणार नाही, हेही जाता जाता सांगते.

भिंतीवरच्या पांढऱ्या पुडीविषयी आता सविस्तर लिहिते, कारण या गावातली सर्वाधिक घरे याच दुखण्यावर चुकीचे औषध लावून बिघडवली गेली आहेत. ही पूड म्हणजे आपल्याकडे ज्याला लोणा म्हणतात तोच. भिंतीतले पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. बंदराच्या गावात हे क्षार येण्याच्या वाटा अनेक आहेत. लिनच्या आसपास मध्ययुगात मिठागरे होती, आणि गावाचा काही भाग मीठ काढून टाकलेल्या गाळाच्या ढिगांवरच वसला आहे. गोदामांत खारवलेले मासे आणि मीठ शतकानुशतके साठवले गेले. शिवाय समुद्राचे पाणी घरात शिरते. मिन्स्टरच्या, म्हणजे सेंट मार्गारेट चर्चच्या, पश्चिम दाराशी पुराच्या पाण्याच्या खुणा कोरल्या आहेत. 1883, 1953, 1978, 2013 अशी साले तिथे वाचता येतात. 31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्राच्या त्या पुरात इंग्लंडमध्ये 307 माणसे दगावली. तुमच्या घराचे जोते त्या खुणांच्या तुलनेत किती उंचीवर आहे ते मोजून घ्या. एकदा खारे पाणी शिरलेली भिंत पाणी ओसरल्यावर वाळते, मीठ मात्र तिच्यात राहते.

या मिठाचा स्वभाव समजला की बाकीचे आपोआप समजते. साधे मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून घेते आणि विरघळते. हवा कोरडी झाली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेच इथे भिंतीत घडते. म्हणून कुठलीही गळती नसताना, जमिनीतून ओल चढत नसतानाही भिंत ओली दिसते, आणि भिंतीला टेकवायचे विजेचे ओलमापक यंत्र जोरात आकडा दाखवते, कारण ते यंत्र विद्युतवहन मोजते आणि क्षारांमुळे ते वाढलेलेच असते. त्या आकड्याच्या आधारे भिंतीत भोके पाडून रसायन भरण्याचा सल्ला दिला जातो, सोबत ‘वीस वर्षांची हमी’ दिली जाते. क्षारांच्या ओलीवर हा उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सिमेंटने काय होते ते मी एका घरात अगदी जवळून पाहिले. पूर्वीच्या मालकाने बाहेरच्या विटांच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, खरवडून सिमेंटने भरल्या होत्या आणि आतून सिमेंटचा गिलावा केला होता. मी गेले तेव्हा सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे उभ्या होत्या आणि मधल्या विटा अर्ध्या इंचापर्यंत खोल झिजलेल्या होत्या. बोट फिरवले की विटेची लाल पूड हाताला लागत होती. जाळी जशीच्या तशी, आणि तिच्यातून वीट गळून चाललेली. याचे कारण साधे आहे. इथल्या जुन्या विटा मऊ आहेत आणि त्यांच्यामधला चुना त्यांच्याहूनही मऊ व सच्छिद्र आहे. भिंतीतले पाणी बाहेर पडायला सर्वांत सोपी वाट शोधते. ती वाट चुन्याच्या दरजेतून जाते, क्षारांचे स्फटिक दरजेतच होतात, दरजाच झिजते, आणि पन्नास-शंभर वर्षांनी गवंडी ती खरवडून पुन्हा भरतो. दरज झिजावी आणि वीट वाचावी, हीच त्या बांधकामाची रीत आहे. सिमेंट ती वाट बंद करते. पाणी विटेतून बाहेर पडू लागते, स्फटिक विटेच्या पृष्ठभागामागे होतात आणि तिचा चेहरा ढकलून पाडतात. वीट परत आणता येत नाही. आतल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे ओल दिसेनाशी होते खरी, पण ती भिंतीतच वर चढते आणि शेवटी पहिल्या मजल्याच्या तुळयांच्या टोकांशी पोचते. भिंतीत रुतलेली ती टोके कुजू लागली की मग खर्चाचे आकडे फार वेगळे होतात.

तर करायचे काय. आधी पाणी कुठून येते ते शोधायचे. पन्हळी तुंबल्या आहेत का, उतरत्या नळीचा सांधा फुटला आहे का, बाहेरची जमीन वर्षानुवर्षे भर घालून आतल्या जमिनीपेक्षा उंच झाली आहे का, ते पाहायचे. मी ज्या घरांत ओलीच्या तक्रारीवरून गेले, त्यांतल्या निम्म्यांहून अधिक ठिकाणी उत्तर पन्हळीत किंवा बाहेरच्या फरशीत सापडले. त्यानंतर सिमेंट आणि प्लास्टिकचा रंग असेल तर तो विटेला इजा न होता जितका निघेल तितका काढायचा, आणि भिंत वाळू द्यायची. वाळण्याचा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब महिन्याला एक इंच असा आहे. दीड विटेची, म्हणजे साडेतेरा इंचांची भिंत असेल तर वर्षभर तरी धीर धरावा लागतो. या काळात वर आलेला लोणा कोरड्या मऊ ब्रशने झाडून व्हॅक्यूमने उचलायचा. पाण्याने पुसला तर तो विरघळून परत आत जातो. मग चुन्याचा गिलावा करायचा, बकरीचे केस घातलेला, आणि त्यावर चुन्याची सफेदी किंवा श्वास घेऊ देणारा रंग द्यायचा. क्षार फार असतील तर पहिला गिलावा ते शोषून घेण्यासाठीच करायचा आणि काही वर्षांनी काढून टाकायचा. पहिल्या गिलाव्याला लोणा आला म्हणून काम फसले असे समजू नका. तो त्यासाठीच लावलेला असतो.

चुन्याचे काम करणारा गवंडी नीट निवडा. आपल्या किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्यांचे दगडी चर अजून दिसतात, चुना किती मळावा याला आपल्याकडे एके काळी केवढे महत्त्व होते ते त्यावरून कळते. इथेही तीच विद्या होती आणि इथेही ती दोन पिढ्यांत जवळजवळ गेली. आज जे जाणकार आहेत त्यांनी ती प्रयत्नपूर्वक परत मिळवली आहे. चुना पाच अंश सेल्सियसखाली धरत नाही आणि ओला असताना त्यावर हिवाळ्यातले दव गोठले तर भुगा होतो, म्हणून बाहेरचे काम एप्रिल ते सप्टेंबर या काळात उरकावे लागते. नव्या दरजांवर ओले गोणपाट टांगून त्या सावकाश वाळू द्याव्या लागतात. नोव्हेंबरमध्ये ‘लगेच करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला नकार द्या. मिश्रणात ‘थोडेसे सिमेंट घालतो, पक्के होईल’ म्हणणाऱ्यालाही.

खिडक्यांचे थोडक्यात सांगते. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या सॅश खिडक्या असतील आणि तावदानांतून बाहेरचे दृश्य किंचित हलल्यासारखे दिसत असेल, तर ती हाताने फुंकलेली काच आहे आणि तिला हात लावू नका. अशा खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवायला परवानगी मिळणे कठीण आहे. त्याची गरजही फारशी नसते. थंडी मुख्यतः फटींतून येते. फटींना ब्रशच्या पट्ट्या बसवल्या, सुताराकडून खालची कुजलेली पट्टी बदलून घेतली, आतल्या बाजूने वेगळी, काढता-घालता येणारी दुसरी काच लावली आणि लाकडी झडपा असतील त्या पुन्हा चालू केल्या, तर घर उबदार होते व मूळ खिडकी वाचते. आतल्या दुसऱ्या काचेला बहुधा हरकत घेतली जात नाही, तरी झडपा किंवा चौकटीच्या नक्षीला धक्का लागत असेल तर आधी विचारा.

परवानगीची पद्धत लोकांना वाटते तितकी जाचक नाही. अर्जाला शुल्क नाही. निर्णयाची मुदत आठ आठवड्यांची आहे, प्रत्यक्षात कधी त्याहून जास्त लागतात. अर्जात आराखडे हवेत, आणि त्यासोबत इमारतीचे मोल कशात आहे व तुमच्या कामाने त्यावर काय परिणाम होईल याचे निवेदन हवे. हे निवेदन मनापासून लिहा. पूर्वीच्या मालकांनी काय केले, कुठली भिंत कधीची, तुम्ही काय राखणार आणि का, हे साध्या भाषेत व छायाचित्रांसह मांडले की अधिकाऱ्याशी बोलणे सोपे होते. आहे तसेच, त्याच सामानाने केलेल्या दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. मोडके कौल काढून तसेच कौल घालणे, निसटलेली दरज चुन्याने भरणे हे त्यात मोडते. शंका असेल तेव्हा कामाआधी ईमेल पाठवून लेखी उत्तर घ्या आणि ते घराच्या कागदपत्रांत ठेवा, कारण उद्या तुम्ही घर विकाल तेव्हा समोरचा सॉलिसिटर तेच मागेल.

ही यंत्रणा का आहे, हे लिनमध्ये राहणाऱ्याला ठाऊक असावे. महायुद्धात बॉम्ब पडलेल्या इमारतींपैकी कुठल्या वाचवायच्या, याच्या याद्या घाईघाईने केल्या गेल्या. त्यातून 1944 आणि 1947 च्या कायद्यांनी आजची यादी जन्माला आली. तरीही 1960 च्या दशकात, लंडनची वाढीव वस्ती सामावून घेण्याच्या योजनेखाली, लिनच्या मध्यभागातल्या कितीतरी जुन्या इमारती पाडून दुकानांची नवी पेठ केली गेली. 1958 मध्ये स्थापन झालेल्या किंग्ज लिन प्रिझर्वेशन ट्रस्टने त्याच काळात थोरेस्बी कॉलेज आणि हॅम्प्टन कोर्टसारख्या मोडकळीला आलेल्या इमारती दुरुस्त करून पुन्हा राहत्या केल्या. तुम्ही पसंत केलेला रस्ता आज जसा दिसतो तसा तो आपोआप राहिलेला नाही.

पैशांचे दोन मुद्दे. यादीतल्या इमारतींच्या मंजूर बदलांना पूर्वी व्हॅटमधून सूट होती, ती 1 ऑक्टोबर 2012 पासून गेली. दुरुस्तीला तर आधीपासूनच पूर्ण कर होता. आज दोन्हींवर 20 टक्के द्यावे लागतात, आणि नवे घर बांधणाऱ्याला तो लागत नाही. जुने घर सांभाळणाऱ्यावर हा अन्याय आहे असे मी मानते, परंतु तुमच्या अंदाजपत्रकात तो धरावाच लागेल. दुसरा मुद्दा विम्याचा. विमा बाजारभावाने काढू नका, तसेच घर त्याच सामानाने पुन्हा बांधायला किती लागेल त्या रकमेचा काढा. ती रक्कम अनेकदा खरेदीच्या किमतीहून मोठी असते. पुराच्या धोक्यामुळे विमा महाग पडत असेल तर फ्लड री या योजनेखाली विमा देणाऱ्या कंपन्या विचारा. ती 2039 पर्यंत चालणार आहे आणि 1 जानेवारी 2009 पूर्वी बांधलेल्या राहत्या घरांसाठी आहे, त्यामुळे तुमचे घर वयाच्या अटीत बसते.

सर्वेक्षण बँकेच्या मूल्यांकनावर भागवू नका. सविस्तर, तिसऱ्या पातळीचे सर्वेक्षण घ्या, आणि ते चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या माणसाकडूनच. त्याला आधीच विचारा: ‘ओल आढळली तर तुम्ही काय सुचवाल?’ उत्तर रसायनाच्या इंजेक्शनपासून सुरू झाले तर दुसरा माणूस शोधा.

आणि करारावर सही करण्यापूर्वी घर आणखी एकदा पाहा, पण दिवस निवडून. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाणाच्या भरतीला, शक्यतो आदल्या रात्री पाऊस पडलेला असताना जा. मिन्स्टरच्या मनोऱ्यावर एक चंद्रघड्याळ आहे. त्यावर आकड्यांऐवजी ‘लिन हाय टाइड’ या शब्दांची बारा इंग्रजी अक्षरे आहेत आणि त्याचा काटा भरतीची वेळ दाखवतो. वेळ तिथे वाचा, कस्टम हाउसजवळच्या धक्क्यावर पाणी किती चढले ते पाहा, आणि मग थेट घरी जाऊन तळमजल्याची एखादी फरशी किंवा तळघराचे झाकण उचलून आत हात घाला. माती ओलसर असेल तर ते इथे नित्याचे आहे. पाणी चढताना दिसले, किंवा हाताला कुजल्याचा वास आला, तर किंमत ठरवण्याआधी मला त्या जागेचे छायाचित्र पाठवा.